बॉनेटखालचा बंब

रात्रभर थंडावलेल्या इंजिनाचे बॉनेट वर करावे, रेडिएटरची टोपी तळहाताखाली दाबून फिरवावी आणि ती निघाल्यावर आतल्या पाण्याकडे नव्हे, आधी गळ्याच्या कडेकडे पाहावे. जुन्या गाडीच्या त्या अरुंद गळ्याशी जे साचलेले असते, ते घाईच्या नजरेला नुसती घाण वाटते. पण आपण क्षणभर थांबलो, टॉर्चचा प्रकाश तिरपा धरला, की त्या घाणीला थर असल्याचे जाणवू लागते. अगदी कडेला पांढुरकी, नखाने खरवडली तर भुकटी होणारी खपली. तिच्या खाली विटकरी तांबूस, बोटाला चिकटून येणारा लेप. आणि त्याहून आत, जिथे पाण्याची पातळी वर्षानुवर्षे वर-खाली होत राहिली, तिथे पितळेवर चढलेला हिरवट-निळसर कळंक. तीन रंग, आणि तिन्हींचे कुळ वेगळे. पांढरा पाण्याने आणला, तांबूस इंजिनाच्या लोखंडाने दिला, हिरवा रेडिएटरच्या स्वतःच्या अंगातून उमटला. फडताळातल्या कोणत्या वस्तूने यांपैकी कोणाला हात घालायचा, हे ठरवण्याची बरीचशी विद्या या बोटभर कडेवर लिहिलेली असते. जुना रेडिएटर घरच्या घरी स्वच्छ करण्यातला पहिला आनंद हाच, की पाना हातात घेण्याआधी आपल्याला वाचन करावे लागते.

गाडी आपण पद्मिनीच घेऊ. १९६४पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून जी घडत आली, १९७४मध्ये जिने प्रीमियर पद्मिनी हे नाव धारण केले, आणि काळ्या-पिवळ्या वेशात मुंबईच्या रस्त्यांवर जी ऑक्टोबर २०२३पर्यंत अधिकृतपणे धावत राहिली, ती ही गाडी. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, त्याचा खालचा देह बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे, ही जोडी ध्यानात असू द्या. पुढे तिच्यावाचून आपले पान हलणार नाही. आणि समोर, जाळीमागे उभा असलेला तो रेडिएटर. टाक्या आणि चपट्या नळ्या पितळेच्या, नळ्यांच्या मधली नाजूक जाळी तांब्याच्या पातळ पत्र्याची, आणि सारे सांधे शिसे-कथलाच्या डाखाने जोडलेले. त्यावरचा काळा रंग थोडा खरवडला आणि आतला धातू चमकला, की आपल्याला हा ऐवज ओळखीचा वाटतो. मराठी घरांच्या न्हाणीघरात जो तांब्याचा बंब असे, त्याचाच हा धाकटा भाऊ. एकाने पाणी तापवायचे, दुसऱ्याने निववायचे, एवढाच काय तो स्वभावातला फरक. पण तांबे, पाणी आणि अग्नी यांचा संसार दोन्ही घरी तोच, आणि त्या संसारात साचणारा चुनाही तोच.

हे नाते वरवरचे नाही. १९००च्या सुमारास एमिल येलिनेकने डाइमलर कंपनीकडे नव्या, वेगवान गाडीची मागणी केली आणि विल्हेल्म मायबाखने तिच्यासाठी जो रेडिएटर रचला, त्यात सहा मिलिमीटर चौकोनाच्या ८,०७० नळ्या शेजारी-शेजारी बसवल्या होत्या. गाडीला येलिनेकच्या मुलीचे नाव मिळाले, मर्सिडीस. पण रसिकाने नावापेक्षा त्या नळ्यांपाशी रेंगाळावे. त्यांच्यातून वाहत होता वारा, आणि पाणी होते नळ्यांभोवतीच्या बारीक फटींत. बंबाची रचना आठवून पाहा: मधल्या नळीतून जाळ, भोवती पाणी. मायबाखने एका नळीच्या जागी आठ हजार मांडल्या आणि विस्तवाच्या जागी वारा खेळवला. पुढे ही रचना उलटली, पाणी नळीत आले आणि वारा बाहेर गेला. आपल्या पद्मिनीत तीच उलटलेली रीत आहे. पण मोटारीच्या अगदी सुरुवातीची स्थिती अशी, की मोटारीतले पाणी नुसते उकळून वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत मिळेल तिथे पुन्हा भरावे लागे. ऑगस्ट १८८८मध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, तेव्हा त्या शंभरेक किलोमीटरांत तिला हेच करावे लागले. आणि वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, ठिणगीच्या तारेला आवरण हवे होते ते मोज्याच्या बंधाचे केले. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास असा घरगुती जिनसांच्या आधाराने पार पडला. व्हिनेगरची बाटली घेऊन बॉनेटपाशी उभे राहणाऱ्याला यापेक्षा थोर पूर्वज कुठला हवा?

आता त्या पांढऱ्या खपलीकडे वळू, कारण तिच्यात एक सूक्ष्म विपर्यास दडला आहे. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात. चुना मात्र उलट्या स्वभावाचा. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने तो अदृश्य असतो, आणि पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड निसटून जातो व कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन बसते. म्हणजे इंजिनात जिथे उष्णता सर्वाधिक, जिथे पाण्याची गरज सर्वाधिक, नेमके तिथेच हा बैठक मारतो. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती या थरापेक्षा शंभराहून अधिक पटींची. त्यामुळे कागदाच्या जाडीचा लेपसुद्धा त्या सगळ्या धातुकौशल्याला बधिर करून टाकतो. बाहेरून रेडिएटर तसाच दिसतो, पंखा तसाच फिरतो, आणि खंडाळ्याच्या चढावर काटा हळूहळू तांबड्याकडे सरकू लागतो.

म्हणून गळ्याच्या कडेवर गाडीचा भूगोल वाचता येतो असे मी म्हणतो, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. मुंबईच्या टॅक्सीने आयुष्यभर वैतरणा, तानसा, भातसा या तलावांचे, पावसाने भरलेले मृदू पाणी प्यायलेले असते. तिच्या गळ्याशी पांढरे कमी आणि तांबूस फार. हेच वाहन सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर वाढले असेल, ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, तर तिथे चुन्याचे राज्य. (प्रीमियरचे संस्थापक वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, ही त्या चुन्याच्या खपलीला शोभून दिसणारी योगायोगाची बाब.) आणि दोन्हींखेरीज तिसरी खूण: पाण्यावर तरंगणारा तेलाचा तवंग. तो पातळ, इंद्रधनुषी असेल तर कुठल्या तरी जुन्या ग्रीसचा अवशेष म्हणून सोडून देता येतो. पण गळ्याशी फेसाळ, मळकट पिवळा लोळाच दिसला, तर बहुधा हेड गॅस्केट गेलेले आहे, आणि त्यावर कुठल्याही फडताळात औषध नाही. टोपी लावावी आणि गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

फडताळ उघडल्यावर मराठी मनाचा हात पहिल्यांदा चिंचेकडे जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. देवघरातल्या ताम्हन-पळीवरचा काळेपणा चिंचेच्या कोळाने किंवा आमसुलाने, वर चिमूटभर मीठ घालून घासला, की दोन मिनिटांत धातूचा गुलाबीपणा वर येतो. ज्याने हे पाहिले आहे त्याला तांब्यावरच्या ऑक्साइडचे रसायन वेगळे शिकवावे लागत नाही. चिंचेत टार्टारिक आम्ल, आमसुलात सायट्रिकच्याच भावकीतले हायड्रॉक्सिसायट्रिक. पण कोळ रेडिएटरमध्ये ओतायचा नसतो, कारण त्यातला गर त्या चपट्या नळ्यांत जाऊन बसेल आणि रोगापेक्षा उपाय भारी होईल. आपल्याला हवे असते ते निव्वळ आम्ल, चोथ्यावाचूनचे. असे दोन प्रकार घरात सहज असतात: चायनीज पदार्थांसाठी आणलेले पांढरे व्हिनेगर आणि ढोकळ्यासाठी आणलेले लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड.

या दोघांचे सौंदर्य त्यांच्या दुबळेपणात आहे, आणि या ठिकाणी आपण जरा मनापासून रमू या. संडास धुण्याच्या बाटलीतले हायड्रोक्लोरिक आम्ल एका क्षणात आपले सर्वस्व पाण्यात उधळते; समोर चुना आहे की पितळेतले जस्त, डाख आहे की ॲल्युमिनियम, याचा विवेक त्याच्याजवळ नाही. चुना त्याच्याने निघतो, पण त्याबरोबर सांधेही निघतात. दुर्बल आम्लाची रीत निराळी. त्याचे बहुतांश रेणू आपली आम्लता राखून ठेवतात. थोडे खर्ची पडले की थोडे पुढे येतात, ते संपले की आणखी थोडे. हा संयम म्हणजे केवळ सभ्यपणा नव्हे, ती टिकाऊ ताकद आहे: द्रावण अंगावर न येता दीर्घकाळ काम करत राहते, आणि अर्धा-पाऊण तास गाडी चालू ठेवून त्याचा परिणाम पाहण्याइतकी उसंत आपल्याला देते. कोला ओतण्याचा एक लोकप्रिय तोडगा आहे. त्यात फॉस्फोरिक आम्ल असते हे खरे. पण १०० मिलीमागे १० ग्रॅमच्या आसपास साखरही असते, आणि तापलेल्या नळ्यांत साखरेचा पाक करण्यात रसिकता कोणती?

व्हिनेगर आणि लिंबूसत्व यांतही मर्मज्ञाने निवड करावी. साध्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल असते. चुन्याशी त्याची गाठ पडली की जे कॅल्शियम ॲसिटेट होते ते पाण्यात सहज विरघळून वाहून जाते. म्हणून बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या गाडीला ते मानवते. लिंबूसत्वाचे कसब गंजात दिसते. सायट्रिकचा रेणू लोखंडाच्या अणूला आपल्या अनेक बाहूंनी धरतो आणि गंजाच्या थरातून उचलून पाण्यात आणतो. नुसत्या आम्लतेचे हे काम नाही, ती पकड आहे. उलट फार चुना असलेल्या रेडिएटरमध्ये त्याला खूप वेळ ठेवले तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका खाली बसण्याची भीती. मुंबईच्या टॅक्सीला लिंबूसत्व, सोलापूरच्या गाडीला व्हिनेगर, असा ढोबळ न्याय लावता येईल. माझा स्वतःचा कल लिंबूसत्वाकडे आहे, आणि त्याचे एक कारण अगदी अशास्त्रीय आहे: व्हिनेगर तापले की गल्लीभर त्याचा वास फिरतो आणि शेजारी चौकशीला येतात. आणि गोव्याचे माडाचे व्हिनेगर घरात असेल तर ते मांसाच्या रश्शासाठीच राखावे. असली चीज रेडिएटरला पाजणे हा अपराध.

लिंबूसत्वाच्या त्या पांढऱ्या, मिठासारख्या दाण्यांचाही इतिहास चाखण्याजोगा आहे. कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश औषधकाराने १७८४मध्ये लिंबाच्या रसातून हे स्फटिक पहिल्यांदा वेगळे काढले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ते लिंबांपासूनच येत होते. मग जेम्स करी या रसायनज्ञाने १९१७मध्ये दाखवून दिले, की साखरेच्या द्रावणावर ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी वाढवली तर ती हेच आम्ल भरभरून तयार करते. दोनच वर्षांत फायझर कंपनीने त्याचा कारखाना काढला. आज किराण्याच्या दुकानातून आपण जी पुडी आणतो तिच्यात लिंबू औषधालाही नसते. बुरशीने साखरेचे केलेले आम्ल लोखंडाच्या बुरशीवर, म्हणजे गंजावर, सोडायचे: हा न्याय मला फार आवडतो.

आता कृती, पण तिचाही क्रम रसाच्या अंगाने. पहिले पाणी खालच्या कॉकमधून काढताना ते गटारात सोडू नये. एक मोठी काचेची बरणी त्याखाली धरावी आणि उन्हात ठेवावी. तिच्याशेजारी पुढच्या प्रत्येक धुण्याची एकेक बरणी मांडत जावी. या रांगेइतके बोलके दुसरे काही नाही. पहिल्या बरणीत पाणी विटकरी, अपारदर्शक असते. तासाभरात गाळ खाली बसतो आणि वर पिवळसर निवळ उरते, आणि त्या गाळाच्या उंचीवरून रोग किती जुना याचा अंदाज येतो.

दुसरा मान साबणाचा. आम्ल आधी ओतण्याचा मोह आवरावा, कारण तेलाचा तवंग नळ्यांना आतून माखून बसलेला असेल तर आम्ल चुन्यापर्यंत पोहोचतच नाही. आधी हा पडदा दूर व्हावा लागतो. जुन्या काळी यासाठी धुण्याचा सोडा वापरत, आणि ज्या इंजिनाचे हेडही बिडाचे आहे, उदाहरणार्थ उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसडरचे १४८९ सीसीचे जुने इंजिन, तिथे तो अजूनही शोभतो. पद्मिनीच्या ॲल्युमिनियमच्या हेडला मात्र धुण्याचा सोडा वर्ज्य. त्याचा तीव्र अल्कधर्म ॲल्युमिनियमवरचे संरक्षक ऑक्साइडच विरघळवतो आणि मग धातूलाच खाऊ लागतो. पद्मिनीला भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन-तीन चमचे पुरे, तेही कमी फेसाचे असेल तर बरे. नाहीतर गाडी सुरू करताच गळ्यातून जो फेस वर येतो, त्याने बॉनेटखाली गणेशोत्सवातला थर्माकोलचा हिमालय उभा राहतो.

सोड्याच्या या धुण्यात ॲम्बॅसडरवाल्यांना कधी एक अनपेक्षित दृश्य लाभते. आपल्याकडचे ड्रायव्हर रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकतात. पूड भोकापाशी जाऊन फुगते आणि गळती तात्पुरती थांबते, गाडी मुक्कामाला पोहोचते. ती हळद आतच राहते. वर्षानुवर्षांनंतर सोड्याचे पाणी तिला भेटले, की पिवळा रंग एकदम रक्तवर्णाकडे झुकतो. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करणाऱ्या समाजाला या चमत्काराचे कारण सांगण्याची गरज नाही; पण एखाद्या ट्रकवाल्याने घाटात घातलेली मूठभर हळद आज आपल्या बरणीत लाल होऊन उतरते आहे, ही गोष्ट गंजाच्या रंगातून वेगळी ओळखता आली तर तिच्यासारखी मौज नाही. मात्र ती निघाली म्हणजे तिने बुजवलेले भोकही उघडे पडणार, हे समजूनच पुढे जावे.

साबण निघून पाणी स्वच्छ झाले, की लिंबूसत्व. लिटरमागे ५० ग्रॅम हे प्रमाण हाताला धरून ठेवण्याजोगे. कोमट पाण्यात ते आधी पूर्ण विरघळवावे, गाळून घ्यावे आणि मग ओतावे. गाडी सुरू करून वरच्या होजपाइपावर हात ठेवला, तर पहिली काही मिनिटे तो थंडच राहतो. इंजिन तापत असते, पण पाणी अजून इंजिनातच फिरत असते. मग ऐंशीच्या घरातल्या अंशाला थर्मोस्टॅटचे दार उघडते आणि होजपाइप हाताखाली अचानक गरम होतो. बहुतेक थर्मोस्टॅटांच्या पोटात मेण असते. ते वितळून फुगते आणि दार ढकलते. इतकी साधी, विजेवाचून चालणारी ही युक्ती, आणि आपल्याकडचे कित्येक मिस्त्री ‘गरम देशात याचं काय काम?’ म्हणून ती उपटून फेकून देतात! इंजिनाला थंड राहणे नव्हे, योग्य तितके तापणे हवे असते. मला तर हा अडाणीपणापेक्षाही अरसिकपणा वाटतो.

इंजिन अर्धा तास धिम्या गतीवर चालू ठेवावे, आणि काट्यावर नजर असावी. आत चुना असेल तर वायूचे बुडबुडे सुटतात, गुडगुड ऐकू येते; अशा वेळी टोपी उघडायची नसते, अगदी एका नजरेपुरतीही नाही, कारण दाबाखालचे ते पाणी शंभर अंशांच्या वर असू शकते आणि टोपी सैल होताच त्याची वाफ चेहऱ्यावर येते. हाताने गाडीची प्रकृती पाहायचीच असेल तर इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, रेडिएटरच्या जाळीवरून तळहात थोडा दूर ठेवून फिरवावा. जिथे ऊब लागते तिथे नळी वाहते आहे. जिथे मध्येच गार पट्टा येतो तिथे ती बुजलेली आहे. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर ही परीक्षा केली, तर त्या गार पट्ट्यांचा नकाशा आकसलेला जाणवतो, आणि हे समाधान कुठल्याही मीटरने मिळत नाही.

इंजिन निवल्यावर काढलेले ते पाणी बरणीत धरा आणि सूर्याकडे करून पाहा. आता ते विटकरी नसते. पिवळ्यातून हिरव्याकडे झुकणारे, पारदर्शक असते. गाळ थोडा, रंग फार. गंज आता कण म्हणून तरंगत नाही, तो पाण्यात विरघळला आहे, लोखंड सायट्रिकच्या मिठीत आहे. क्वचित त्यात निळसर छटाही दिसते: ती पाण्यात विरघळलेल्या तांब्याची, आणि ती एक सौम्य इशारत आहे. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आम्ल रेडिएटरमध्ये रात्रभर का ठेवू नये हेही ठाऊक आहे. निळे दिसले की काम आटोपते घ्यावे.

मग साध्या पाण्याचे फेरे, आणि शेवटच्या फेऱ्यात दोन चमचे खाण्याचा सोडा. उरलेल्या आम्लाशी त्याची गाठ पडून फेस येतो, आणि फेस आला नाही तर आम्ल उरले नाही असे समजावे. इतका प्रामाणिक साक्षीदार प्रयोगशाळेतही मिळायचा नाही. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांत इथे घोटाळा करू नये, ॲल्युमिनियमला दुसरा सोसतो, पहिला नाही. हे झाल्यावर रेडिएटर सुटा करून बागेच्या नळीने पाणी खालून वर, म्हणजे वाहण्याच्या उलट दिशेने सोडावे. जे कण वरून येऊन नळ्यांच्या तोंडाशी अडकले होते, ते आल्या वाटेने परत निघतात. बाहेरची जाळीही तेवढ्यात उरकावी: जुना टूथब्रश, साबणाचे पाणी, आणि आतल्या बाजूने बाहेर मारलेली हलकी धार. पतंग, गवताचे तुसे, मुंबईची काजळी.

एवढे करूनही काही नळ्या गारच राहतील. त्या घट्ट बुजलेल्या असतात आणि तिथे आम्ल पोहोचूच शकत नाही, कारण त्याला वाहायला वाट लागते. अशा वेळी रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जावे. तो वरच्या टाकीचा डाख वितळवून ती सुटी करतो, पातळ सळ्या एकेका नळीतून वरून खाली सारतो आणि टाकी पुन्हा डाखाने बसवतो. तेही पाहण्यासारखे काम आहे, आणि ते जुन्या पितळी रेडिएटरवरच शक्य आहे. आजच्या गाड्यांच्या ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या रेडिएटरला ना सळई मानवते ना डाख. तो बिघडला की बदलतात.

धुऊन झालेल्या रेडिएटरमध्ये पुन्हा नळाचे किंवा बोअरचे पाणी भरणे म्हणजे सारी मैफल पुन्हा पहिल्यापासून लावणे. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, डब्यावर दिलेल्या प्रमाणात. त्यातले गंजरोधक द्रव्यच पुढची काही वर्षे त्या गळ्याची कड स्वच्छ ठेवेल. कूलंटमधले इथिलिन ग्लायकोल चवीला गोड असते आणि अत्यंत विषारी असते. सांडलेले थेंब मांजर-कुत्र्यांनी चाटण्याआधी पुसून घ्या, आणि काढलेले कूलंट गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. आणि एक विनंती, ही मात्र मनावर घ्याच: धुण्याच्या त्या पाण्यात डाखातले शिसे उतरलेले असते, तेव्हा रंग पाहण्यासाठी ओळीने मांडलेल्या बरण्या कितीही लख्ख घासल्या तरी पुन्हा लोणच्याला वापरू नका.